तेजी-मंदीच्या मागोमाग : प्रस्तावना

एखाद्या मालाचा भाव गेल्या वीस दिवसांतल्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर गेला की त्याचा वायदा विकत घ्यायचा. वीस दिवसांतल्या नीचांकाखाली घसरला की विकायचा. भाव उलटला की ठरलेल्या जागी निमूटपणे बाहेर पडायचे. पाऊस, पेरणी, साठे, युद्ध, व्याजदर यांतले काहीही पाहायचे नाही. वायदे बाजारात ‘ट्रेंड फॉलोइंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. तो शाळकरी मुलालाही समजेल इतका सोपा आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल एक प्रश्न सत्तर वर्षे पुन्हा पुन्हा विचारला जातो : सगळ्यांना ठाऊक झालेली ही रीत अजून पैसे मिळवून देते का?

या पुस्तकाचे उत्तर ‘हो’ असे आहे. पण ते कुणासाठी, किती बाजारांत आणि किती वर्षांच्या हिशेबाने, हे सांगितल्याशिवाय त्या ‘हो’ला काडीची किंमत नाही. जळगावात बसून एमसीएक्स या वायदे बाजारात सोने आणि क्रूड असे दोनच वायदे करणारा माणूस आणि जगभरातल्या शंभर बाजारांत एकाच वेळी पैसे लावणारी लंडनची संस्था यांचा नियम अगदी शब्दशः एक असला, तरी त्यांचा धंदा एक नाही. मराठीत आणि हिंदीत या विषयावर जे ऐकायला-पाहायला मिळते, त्यात लंडनच्या संस्थेचे निकाल दाखवून जळगावच्या माणसाला नियम विकला जातो. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

वायदा ही कल्पना जुनी आहे. ओसाकाच्या दोजिमा बाजारातल्या तांदळाच्या वायद्यांना जपानच्या शोगुनशाहीने १७३० मध्ये अधिकृत मान्यता दिली. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड १८४८ मध्ये स्थापन झाले आणि १८६५ मध्ये तिथे प्रमाणित करार आले. आपणही फार मागे नव्हतो. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनने कापसाचे वायदे संघटितपणे सुरू केले. पण भावाच्या पाठीमागे जाण्याचे लेखी, मोजता येण्याजोगे नियम तयार झाले ते अमेरिकेत, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने रिचर्ड डॉन्चियन यांना जाते. १९४९ मध्ये त्यांनी सर्वसामान्यांसाठी खुला असलेला पहिला फ्यूचर्स फंड काढला. पाच आणि वीस दिवसांच्या चलसरासरीची पद्धत आणि ‘चार आठवड्यांचा नियम’ त्यांच्याच नावावर आहेत. संगणक हाताशी नव्हता. रोजचे भाव कागदावर मांडून सरासरी काढली जाई. तरीही हे नियम इतके नेमके होते की दोन वेगळ्या माणसांनी ते वापरले तर एकाच दिवशी एकच सौदा निघावा. माझ्या मते ही डॉन्चियन यांची खरी देणगी. त्यांच्यामुळे अंदाजाच्या जागी पडताळून पाहता येईल अशी गोष्ट आली.

त्यांना खरा अनुयायीवर्ग मिळाला १९७० च्या दशकात. ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तुटले. १९७३ मध्ये सोयाबीन इतके भडकले की अमेरिकेने निर्यातच थांबवली. त्याच वर्षअखेरीस तेलाचा भडका उडाला, १९७४ मध्ये साखर. महिनोन्‌महिने एकाच दिशेने चालणारे भाव पाहिलेली एक पिढी या दशकात तयार झाली. एड सेकोटा यांनी याच काळात संगणकावर नियम चालवायला सुरुवात केली. वेल्स वाइल्डर यांच्या १९७८ च्या पुस्तकाने भावाचे रोजचे सरासरी हेलकावे मोजण्याचे साधन व्यापाऱ्यांच्या हाती दिले. ते आज मोबाइलवरच्या कोणत्याही चार्टमध्ये एटीआर या नावाने सापडते.

मग आले टर्टल. शिकागोचे रिचर्ड डेनिस आणि त्यांचे भागीदार विल्यम एकहार्ट यांच्यात वाद होता की व्यापार शिकवता येतो की तो अंगभूत असावा लागतो. १९८३ च्या अखेरीस डेनिस यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, निवडलेल्या लोकांना (हेच ‘टर्टल’) दोन आठवडे शिकवले आणि स्वतःचे पैसे त्यांच्या हाती दिले. शिकवलेला नियम या प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात आहे त्याहून फार वेगळा नव्हता : वीस दिवसांचा उच्चांक ओलांडला की आत, दहा दिवसांचा नीचांक तुटला की बाहेर, दुसऱ्या पद्धतीत पंचावन्न आणि वीस. ही गोष्ट आजवर असंख्य वेळा सांगितली गेली, पण सांगणारे बहुधा प्रवेशाच्या नियमापाशीच रेंगाळतात. खरी कमाई दुसऱ्याच नियमात होती : सौदा किती मोठा घ्यायचा.

तो आपल्या बाजारातल्या आकड्यांत मांडून पाहू. समजा, सोने एका दिवसात १० ग्रॅममागे सरासरी १,००० रुपयांनी वरखाली होते. एमसीएक्सवरचा मोठा लॉट एक किलोचा. म्हणजे एका लॉटचा रोजचा हेलकावा एक लाख रुपयांचा. टर्टलांचा नियम असा की हा हेलकावा भांडवलाच्या एक टक्का असावा. मग एका लॉटसाठी एक कोटी रुपये हवेत. गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा. त्याचा हेलकावा १०,००० रुपयांचा आणि त्याला भांडवल लागेल दहा लाख. स्टॉप लॉस दोन हेलकाव्यांवर, म्हणजे सौदा चुकला तर २०,००० रुपये गेले, भांडवलाचे दोन टक्के. आता ब्रोकरच्या बाजूने पाहा. १० ग्रॅमला एक लाख रुपये भाव आणि दहा टक्के मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) धरले, तर त्याच दहा लाखांत दहा लॉट घेता येतात. नियम तोच, चार्ट तोच, स्टॉपही तोच; पण एका चुकीला दोन लाख रुपये, म्हणजे भांडवलाचा पाचवा हिस्सा. या पद्धतीत शंभरातले साठ-पासष्ट सौदे तोट्यात जातात हे गृहीतच असते. नफा येतो उरलेल्यांतल्या मोजक्या मोठ्या चालींतून. पासष्ट धरले, तर पुढचे चारही सौदे लागोपाठ चुकण्याची शक्यता शंभरात अठरा निघते. एक लॉट घेणाऱ्याचे त्यात आठ टक्के जातात. दहा लॉट घेणारा पाचव्या सौद्याला उभाच राहत नाही, आणि मोठी चाल त्या पाचव्या सौद्यातही असू शकते.

‘ट्रेंड फॉलोइंग चालत नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांना विचारून पाहावे की त्यांच्या लॉटचे आणि भांडवलाचे प्रमाण काय होते. स्वतः डेनिस १९८८ मध्ये मोठा फटका बसून लोकांचे पैसे सांभाळण्याच्या कामातून बाहेर पडले. नियम माहीत असणे आणि तो पेलणे यांतले अंतर त्या नियमाच्या गुरूलाही चुकले नाही.

पुढचा टप्पा लंडनचा. ॲडम, हार्डिंग आणि ल्युक या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव घेतलेली एएचएल १९८७ मध्ये सुरू झाली. त्यांतलेच डेव्हिड हार्डिंग यांनी १९९७ मध्ये विंटन काढली. शिकागोच्या परंपरेत व्यापारी नियम शिकत होता. लंडनच्या परंपरेत भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेली माणसे भावांच्या मालिका तपासू लागली. एका चलसरासरीऐवजी अनेक गतींच्या सरासऱ्या एकत्र, सौद्याचा आकार रोज थोडा कमी-जास्त, आणि शंभराहून अधिक बाजार. या शाळेचा स्वभाव शिकागोहून सौम्य आहे. तिथे दंतकथा कमी आणि खर्चाचा हिशेब जास्त. मला ती अधिक भरवशाची वाटते.

विद्यापीठांनी या सगळ्याकडे बराच काळ नाक मुरडूनच पाहिले. भावात सगळी माहिती आधीच उतरलेली असते, तेव्हा कालच्या भावावरून उद्याचे काही सांगता येणार नाही, हा १९७० पासूनचा प्रस्थापित सिद्धान्त. त्याला मोठा धक्का बसला २०१२ मध्ये. मॉस्कोविट्झ, ऊई आणि पेडरसन यांनी ५८ वायद्यांचे भाव तपासले. गेल्या बारा महिन्यांत वर गेलेला वायदा पुढेही काही काळ वर जाण्याकडे झुकतो आणि पडलेला पडण्याकडे, हे त्यांनी दाखवले. त्यातल्या दोघांनी हर्स्ट यांच्याबरोबर केलेल्या पुढच्या अभ्यासात हा हिशेब १८८० पर्यंत मागे नेला. आता प्रश्न मिटला असे वाटत असतानाच २०२० मध्ये हुआंग, ली, वांग आणि झोऊ यांनी तीच माहिती पुन्हा तपासून सांगितले की एकेक बाजार सुटा घेतला तर हा पुरावा कमकुवत पडतो. दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांना खोडून काढण्यासाठी हे लेख वापरतात. मला त्यांत विरोध दिसत नाही, उलट त्यांतूनच या पुस्तकाचा मुख्य मुद्दा निघतो. सुट्या बाजारात कल इतका क्षीण असतो की नशिबापासून तो वेगळा काढणे अवघड. अनेक बाजार एकत्र आले की तो ठळक होतो. एकमेकांशी संबंध नसलेले नऊ बाजार मिळाले, तर तेवढीच जोखीम घेऊन मिळणारा मोबदला एका बाजाराच्या तिप्पट होतो, हे साधे गणित आहे.

मुळात कल निर्माण का होतो? हे कळले नाही, तर तो उद्याही असेल असे म्हणायला आधारच उरत नाही. कोकोचे उदाहरण ताजे आणि बोलके आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो. जुनी झाडे, खोड सुजवणारा विषाणुजन्य रोग, अवेळी पाऊस आणि शेतकऱ्याला वर्षानुवर्षे मिळालेला तुटपुंजा भाव, यांमुळे २०२३ मध्ये पीक घसरू लागले. वर्षारंभी टनाला २,६०० डॉलरच्या आसपास असलेला न्यूयॉर्कचा वायदा मार्च २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या पुढे गेला आणि डिसेंबरमध्ये १२,००० ओलांडून गेला. भाव वाढला म्हणून लगेच माल वाढत नाही. कोकोचे नवे झाड फळायला तीन ते पाच वर्षे घेते. चॉकलेट कंपन्यांना माल हवाच असतो. आगाऊ विकून बसलेल्या व्यापाऱ्यांवर मार्जिनचा ताण येतो आणि त्यांना चढ्या भावात सौदे कापावे लागतात. त्याने भाव आणखी चढतो. ही साखळी महिनोन्‌महिने चालली. वीस दिवसांचा उच्चांक पाहून आत शिरलेल्याला यातले काहीच माहीत असण्याची गरज नव्हती.

माणसाच्या स्वभावाचाही यात वाटा आहे. नफा दिसला की तो पटकन पदरात पाडून घ्यायचा आणि तोट्यातला सौदा भाव परत येईल या आशेने धरून ठेवायचा, ही खोड शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडली. तिच्यामुळे भाव आपल्या खऱ्या जागी एका उडीत न जाता टप्प्याटप्प्याने जातो. केन्स यांनी १९३० मध्ये आणखी एक कारण सांगून ठेवले होते : शेतकरी, खाणवाले आणि गिरणीवाले भावाच्या अनिश्चिततेतून सुटण्यासाठी वायदे करतात आणि त्या सुटकेची किंमत मोजतात. ती किंमत कुणीतरी घेतो.

याच कोकोची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हेलकावे वाढले तसे मार्जिन वाढले, आकाराच्या नियमाने चालणाऱ्या फंडांनी आपले सौदे कमी कमी करत नेले आणि बाजार पातळ झाला. मे २०२४ मध्ये काही दिवसांतच भाव कोसळला, पुन्हा चढला आणि २०२५ मध्ये निम्म्यावर आला. ज्यांनी वरच्या टोकाला आकार वाढवला त्यांना कल बरोबर ओळखूनही पैसे मिळाले नाहीत.

पद्धत संपली अशी हाकाटी आजवर अनेकदा झाली आहे. २००८ मध्ये शेअर बाजार कोसळत असताना ट्रेंड फॉलो करणाऱ्या मोठ्या फंडांच्या एसजी ट्रेंड निर्देशांकाने सुमारे वीस टक्के कमावले. पैशांचा ओघ लागला. त्यानंतर २०११ आणि २०१२ ही तोट्याची वर्षे, २०१३ जेमतेम. रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक आणि या पद्धतीचे एक बिनीचे नाव असलेले जॉन हेन्री यांच्या संस्थेने २०१२ मध्ये ग्राहकांचे पैसे सांभाळणे थांबवले. कंटाळलेले लोक बाहेर पडले आणि २०१४ मध्ये क्रूड शंभर डॉलरवरून घसरू लागले, तेव्हा आत उरलेल्यांनी पुन्हा मोठी कमाई केली. मग पुन्हा रखरखीत वर्षे, आणि २०२२ मध्ये युद्ध व महागाईच्या लाटेत पंचवीस टक्क्यांच्या वर. पद्धत क्षीण झाली आहे का? थोड्या दिवसांच्या नियमांपुरती निश्चित झाली आहे. टर्टलांचा वीस दिवसांचा नियम खर्च वजा जाता पूर्वीसारखा देत नाही. सहा-बारा महिन्यांचा कल मात्र टिकून आहे, आणि ज्या बाजारांत फंडांची गर्दी कमी आहे तिथे तो जास्त स्वच्छ आहे. म्हणून तर काही संस्था आता चीनमधल्या लोहखनिजापासून सफरचंदांपर्यंतच्या वायद्यांत जाऊन बसल्या आहेत.

आता आपल्याकडे वळतो. भारतात राष्ट्रीय पातळीवरचे आधुनिक वायदे बाजार २००२-०३ मध्ये आले; एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स दोन्ही २००३ च्या अखेरीस मुंबईतून सुरू झाले. २०१५ मध्ये वायदे बाजारांचे नियामक असलेले फॉरवर्ड मार्केट्स कमिशन सेबीत विलीन झाले. यंत्रणा चांगली आहे, पण कल पकडू पाहणाऱ्याला इथे दोन अडचणी येतात आणि परदेशी पुस्तकांत त्यांचा उल्लेखही नसतो.

पहिली अडचण रुंदीची, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले पुरेसे बाजार मिळण्याची. एमसीएक्सवरचे मोठे व्यवहार सोने, चांदी, क्रूड, नॅचरल गॅस आणि तांब्या-जस्तासारख्या धातूंचे. सोने-चांदी बहुतेक वेळा जोडीने चालतात, धातू एकमेकांच्या हातात हात घालून. नावे दहा दिसली तरी खऱ्या अर्थाने स्वतंत्र चाली चार-पाचच. शिवाय त्यांचे भाव ठरतात न्यूयॉर्क आणि लंडनला. आपण त्यांत रुपया मिसळतो. २० एप्रिल २०२० ची रात्र यासाठी नीट अभ्यासण्यासारखी आहे. टाळेबंदीमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद होत होते. त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचा क्रूड वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि आपल्या एप्रिल वायद्याचा अंतिम हिशेब उणे २,८८४ रुपयांनी झाला. लॉट १०० पिंपांचा. म्हणजे भाव शून्याखाली गेल्यानंतरचा तोटाच लॉटमागे २ लाख ८८ हजार. कल पाहणारा तेव्हा तेजीत असण्याचे काही कारण नव्हते, जानेवारीपासून भाव पडतच होता. पण बंद बाजारात स्टॉप लॉस नावाची गोष्टच नसते, आणि एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत सौदा ओढणे हा स्वतंत्र धोका आहे, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही घटनेने दाखवलेले नाही.

दुसरी अडचण शेतमालाची, आणि ती महाराष्ट्राच्या अगदी जवळची आहे. स्वतंत्र, देशी कल असणारे बाजार म्हणजे सोयाबीन, हरभरा, हळद, गवार. रुंदी हवी तर ती इथूनच मिळणार. पण २०२१ च्या पावसाळ्यात काय झाले ते लातूरच्या कोणत्याही आडत्याला विचारा. सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या पुढे गेले. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. हरभरा आणि मोहरीचे वायदे सेबीने त्याआधीच थांबवले होते; २० डिसेंबरला सोयाबीन, गहू, बिगरबासमती भात, मूग आणि पामतेल यांचेही थांबवले, आणि ही स्थगिती पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०१२ मध्ये गवारीच्या वाट्यालाही असेच आले होते. जो बाजार जोरात धावू लागला की बंद केला जातो, तिथे कलाच्या पद्धतीचा कणाच मोडतो. तिचा सगळा नफा त्या जोरात धावण्यातच असतो. माझा या धोरणाला विरोध आहे आणि पुस्तकात तो लपवलेला नाही. लातूरच्या शेतकरी उत्पादक कंपनीला पेरणीच्या वेळी काढणीचा भाव बांधून घेण्याचे साधन त्यामुळे गेले, हे नुकसान सट्टेवाल्यांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

या पुस्तकात त्यामुळे नवा नियम नाही. डॉन्चियन, टर्टल आणि बारा महिन्यांचा कल हे तीन जुने, सर्वांना माहीत असलेले नियम घेतले आहेत आणि ते इथल्या बाजारांत, इथल्या लॉटमध्ये, इथल्या खर्चात चालवून पाहिले आहेत. बिगरशेती वायद्यांवर २०१३ पासून विक्रीच्या बाजूला ०.०१ टक्का सीटीटी (वायद्यांच्या व्यवहारांवरचा कर) लागतो. दहा लाखांच्या गोल्ड मिनीवर शंभर रुपये. रक्कम किरकोळ वाटते, पण आठवड्याला आत-बाहेर करणाऱ्या नियमात ती दलाली आणि भावातल्या फरकासह वर्षभरात किती होते याचा तक्ता पाहिल्यावर मंद नियमांकडे माझा कल का आहे ते कळेल. नियमांचे आकडे कोणत्याही मालासाठी बदललेले नाहीत. सोन्याला एक सरासरी आणि गॅसला दुसरी, अशी सोय करून घेतली की मागच्या भावांवर सगळेच सुंदर दिसते.

भावांच्या मालिकेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण वाचक स्वतः तपासायला बसतील. चार्टवर दिसणारी सलग रेषा ही वेगवेगळ्या महिन्यांचे वायदे जोडून केलेली असते. पुढच्या महिन्याचा भाव चढा असेल, तर रोलओव्हरच्या दिवशी रेषा उडी मारते आणि ती उडी कुणाच्याही खिशात जात नाही. म्हणून इथला सगळा हिशेब एकेका करारावर केलेला आहे : जुना कोणत्या दिवशी विकला, नवा कोणत्या भावाला घेतला, मधला फरक कुणी भरला. स्थगित झालेले वायदेही यादीतून गाळलेले नाहीत. सोयाबीन आणि हरभरा शेवटच्या दिवशी ज्या भावाला थांबले, त्या भावाला, नफ्यात असोत की तोट्यात, ते हिशेबात धरले आहेत.